हायवेच्या साईटवर रुजू होताय? नव्या सिव्हिल इंजिनिअरसाठी पहिल्या वर्षाची तयारी

रस्ता हे थरांचं काम आहे, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक थर तयार झाल्यावर थोड्याच दिवसांत झाकला जातो. आज ज्या मुरमावर तुम्ही उभे आहात त्यावर परवा जीएसबी (ग्रॅन्युलर सब-बेस, खडी-मुरमाचा थर) येते, मग वेट मिक्स (पाणी मिसळलेल्या खडीचा थर), मग डांबर. गाडीवाल्याला दिसतो तो सगळ्यांत वरचा थर. खालचा मुरूम नीट दाबलेला नसेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत वर चाकोऱ्या पडतात, भेगा येतात, आणि खणून बघेपर्यंत चूक कुठल्या थरात झाली हे कुणालाच सांगता येत नाही. त्या थराचा साक्षीदार एकच: त्या दिवशी तिथे उभा असलेला इंजिनिअर. बहुतेक वेळा तो साईटवरचा सगळ्यांत ज्युनिअर माणूस असतो.

म्हणून डिप्लोमा किंवा बी.ई. करून हायवेत येणाऱ्या मुलामुलींना मी पहिली गोष्ट हीच सांगतो. ज्या थरावर तुमची सही आहे तो थर तुम्ही स्वतः पाहिलेला असला पाहिजे. पुढे जे लिहितोय ते ही सवय लागण्यासाठी काय शिकायचं, कुठल्या क्रमाने शिकायचं, याबद्दल आहे. माझी बहुतेक नोकरी मराठवाडा-विदर्भातल्या चौपदरीकरणाच्या कामांवर गेली, त्यामुळे उदाहरणं काळ्या मातीतली जास्त येतील.

आधी बाजू ठरवा

हायवेच्या कामात इंजिनिअर तीन बाजूंना असतात. एक, ठेकेदार कंपनी, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी. दुसरी, कन्सल्टंट, म्हणजे ते काम तपासणारी. ईपीसी प्रकल्पात यांना ऑथॉरिटीज इंजिनिअर म्हणतात, हॅम किंवा बीओटीमध्ये (बांधा, चालवा, परत द्या) इंडिपेंडंट इंजिनिअर. हे कंत्राटांचे प्रकार आहेत, ईपीसी आणि हॅमबद्दल पुढे सांगतो. तिसरी बाजू मालकाची: सार्वजनिक बांधकाम विभाग, रस्ते विकास महामंडळ किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण.

सरकारी नोकरी हवी असेल तर तिची वाट परीक्षेतून जाते. राज्यात महाराष्ट्र अभियांत्रिकी सेवेसाठी एमपीएससी आहे, कनिष्ठ अभियंत्यांसाठी विभागाची वेगळी भरती होते. केंद्रात यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आहे. महामार्ग प्राधिकरणाने उपव्यवस्थापक (तांत्रिक) या पदावर काही वेळा गेटच्या गुणांवर, तर काही वेळा याच यूपीएससी परीक्षेच्या गुणांवर मुलं घेतली आहेत, तेव्हा जाहिरात नीट वाचूनच अर्ज करा. अभ्यास करायचा असेल तर पूर्णवेळ करा. साईटवर दहा-बारा तास उभं राहून रात्री परीक्षेची तयारी करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यातली फार थोडी टिकली, आणि बाकीच्यांचं काम आणि अभ्यास दोन्ही अर्धवट राहिलं.

ठेकेदार आणि कन्सल्टंट यांत निवड करायची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. पहिली तीन-चार वर्षं ठेकेदाराकडे काढा. कन्सल्टंटकडे वेळ ठरलेली असते, दगदग कमी असते, हे खरं. पण ज्याने स्वतः मशीन लावून एक किलोमीटर रस्ता केलेला नाही त्याला दुसऱ्याचा रस्ता तपासताना नेमकं कुठे बघायचं हे समजत नाही. शिवाय कन्सल्टंटकडच्या बऱ्याच पदांना टेंडरमध्येच अनुभवाची अट असते, त्यामुळे ती वाट नंतर आपोआप उघडते.

ईपीसी आणि हॅम हे शब्द रुजू होण्याआधीच समजून घ्या. ईपीसीत डिझाइनसकट सगळं काम ठेकेदाराचं, आणि पैसे टप्प्याटप्प्याने सरकारकडून येतात. २०१६ मध्ये आलेल्या हॅममध्ये बांधकामाच्या काळात ४० टक्के रक्कम सरकार देतं, उरलेली ६० टक्के विकासक उभी करतो आणि पुढच्या १५ वर्षांत हप्त्यांनी परत मिळवतो. ज्युनिअरला याच्याशी काय करायचंय, असं वाटेल. पण महिनाअखेरीला मॅनेजर एखादाच विशिष्ट पट्टा पूर्ण करण्यामागे का लागलाय, हे यातूनच कळतं. त्या पट्ट्यावर पुढचं बिल अडलेलं असतं.

वाचायचं काय

कॉलेजच्या नोट्स घरी ठेवा. रस्ते वाहतूक मंत्रालयाचं रस्ते व पूल कामांचं स्पेसिफिकेशन, २०१३ ची पाचवी आवृत्ती, हे साईटवरचं रोजचं पुस्तक आहे. सगळं वाचू नका. सुरुवातीला कलम ३०५ (भराव), ४०१ (जीएसबी), ४०६ (वेट मिक्स), ५०० क्रमांकाचं डांबराचं प्रकरण आणि ९०० क्रमांकाचं गुणनियंत्रणाचं प्रकरण एवढंच वाचा, पण पेन्सिल घेऊन वाचा. कुठली चाचणी किती घनमीटरला एक, हे ९०० मध्ये आहे. ज्युनिअर इंजिनिअरला ते तोंडपाठ असेल, तर पहिल्याच महिन्यात त्याच्याकडे बघायची सगळ्यांची नजर बदलते.

त्याच्या जोडीला इंडियन रोड्स काँग्रेसचे कोड: लवचिक फरसबंदी म्हणजे डांबरी रस्त्यासाठी आयआरसी ३७, काँक्रीटसाठी आयआरसी ५८, चालू रहदारीत काम करताना एसपी ५५. ही संस्था १९३४ ची, आणि तिच्यामागे १९२७ साली नेमलेली रस्ते विकास समिती आहे, जिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. देशाचा पहिला वीस वर्षांचा रस्ते आराखडाही १९४३ साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरला, म्हणून त्याला नागपूर प्लॅन म्हणतात. आपल्याकडच्या मुलांना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. आज आपण जे कोड उघडतो, त्यांची सुरुवात अशा माणसांच्या आणि गावांच्या नावांनी झाली आहे.

पहिला आठवडा: पायी चाला

रुजू झाल्यावर तुम्हाला एक सेक्शन मिळेल, पाच-दहा किलोमीटरचा. तो गाडीतून बघू नका. प्लॅन अँड प्रोफाइलची ड्रॉइंग हातात घेऊन एकदा डाव्या आणि एकदा उजव्या बाजूने चालत जा. साईटवरचा सगळा व्यवहार चेनेजमध्ये, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरात चालतो. ‘बेचाळीस तीनशे एलएचएस’ (४२ किलोमीटर ३०० मीटर, डावी बाजू) म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ती बाभूळ, तो विजेचा खांब, ती विहीर आली पाहिजे.

चालताना वहीत तीन गोष्टी लिहा. जमीन कुठे ताब्यात आलेली नाही. खांब, पाण्याची पाइपलाइन, झाडं कुठे हटवायची राहिली आहेत. आणि पाणी कुठून कुठे जातं. यातली तिसरी गोष्ट ड्रॉइंगमध्ये असते, पण बांधावरच्या शेतकऱ्याला ती जास्त नेमकी माहीत असते. एकदा बॉक्स कल्व्हर्टचं (चौकोनी मोरीचं) लेआउट टाकत असताना एक म्हातारे काका येऊन म्हणाले, “साहेब, वढा इथून जात न्हाई. उन्हाळ्यात इथून दिसतोय, पण पाणी लागलं की त्या लिंबाकडून येतंय.” आम्ही पुन्हा लेव्हल घेतल्या. काकांचं बरोबर होतं. कल्व्हर्ट ४० मीटर सरकवावा लागला आणि त्यासाठी बराच पत्रव्यवहार झाला, पण तो चुकीच्या जागी झाला असता तर दर पावसाळ्यात त्यांच्या शेतात तळं साचलं असतं. तेव्हापासून प्रत्येक नाल्याजवळ मी आधी आसपासच्या माणसांना विचारतो: सगळ्यांत जास्त पाणी कुठवर आलं होतं?

लेव्हल स्वतः मारा

साईटवर सर्व्हेअर असतो, टोटल स्टेशन असतं. तरी ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं साधं यंत्र, तुम्हाला यायलाच हवी. हिशेब साधा आहे. समजा टीबीएमची (उंची माहीत असलेल्या तात्पुरत्या खुणेची) उंची ५५२.३४० मीटर आहे. त्यावर स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) ठेवून बॅकसाइट, म्हणजे यंत्रातून दिसलेला पहिला आकडा, १.२८५ आली. म्हणजे यंत्राची उंची ५५३.६२५. आता ज्या ठिकाणी जीएसबीचा टॉप ५५२.४१० हवाय, तिथे स्टाफवर १.२१५ दिसलं पाहिजे. १.२४० दिसलं तर थर २५ मिलिमीटर खाली आहे. जीएसबीला चालतं फक्त १० मिलिमीटर वर किंवा खाली, सबग्रेडला (जीएसबीखालच्या मातीच्या थराला) २० वर आणि २५ खाली, डांबराच्या थराला ६. सात मीटर रुंदीत अडीच टक्के कॅम्बर म्हणजे १७५ मिलिमीटरचा उतार. हे आकडे डोक्यात असले की साईटवर उभ्या उभ्या चूक दिसते.

माझ्याकडून पहिल्या वर्षी एक मोठी चूक झाली होती. एका टीबीएमच्या दगडाला रात्री टिपरचा धक्का लागला होता. दगड हललेला दिसत नव्हता, म्हणून मी दुसऱ्या टीबीएमवर क्लोज न करता, म्हणजे तिथली उंची जुळते का हे न बघता, दिवसभर त्यावरूनच लेव्हल दिल्या. दोनशे मीटर जीएसबी ३५ मिलिमीटर वर गेली. संध्याकाळी सिनियरने दुसऱ्या बाजूने तपासली आणि एक शब्दही न बोलता यंत्र माझ्या हातात दिलं. पुढचे दोन दिवस ग्रेडर (ब्लेडने थर सपाट करणारं मशीन) ती जीएसबी कापत होता आणि मी तिथेच उभा होतो. त्या दिवसापासून सुरुवात एका टीबीएमवर आणि शेवट दुसऱ्यावर, यात कधी खंड पडला नाही.

माती: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

नव्या मुलांना डांबराचं आकर्षण असतं. पेव्हर (डांबराचा माल पसरवणारं मशीन) चालतोय, वाफा निघतायत, फोटो छान येतात. पण रस्ता टिकतो तो मातीवर, आणि शिकण्यासारखंही तिथेच सगळ्यांत जास्त आहे.

मराठवाडा-विदर्भातली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, तिला हातभर भेगा पडतात. भरावाला ती चालते का, हे ठरवायला फ्री स्वेल इंडेक्स काढतात. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली दहा-दहा ग्रॅम माती घ्यायची, एका नळीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि २४ तास ठेवायचं. पाण्यातली माती १८ मिलिलिटर झाली आणि रॉकेलमधली ११, तर फुगवटा ६४ टक्क्यांच्या आसपास. ५० च्या वर गेली की ती माती भरावाला नको. लॅबमध्ये जाऊन एकदा स्वतःच्या हाताने ही चाचणी करा. दुसऱ्या दिवशी त्या दोन नळ्या शेजारी शेजारी बघितल्या की काळ्या मातीबद्दल पुन्हा कुणी काही समजावायची गरज उरत नाही.

मुरूम आला की पहिला हिशेब ढिगाऱ्यांचा. समजा १२ मीटर रुंद पट्टा आहे आणि दाबून २०० मिलिमीटर थर हवा, तर सुटा मुरूम साधारण २५० मिलिमीटर पसरावा लागतो. म्हणजे एका मीटर लांबीला ३ घनमीटर. हायवात (मोठ्या टिपरमध्ये) १४ घनमीटर येत असेल तर एक खेप साडेचार मीटरच्या थोडी पुढे पुरते. तेवढ्या अंतरावर चुन्याच्या रेघा मारून ठेवा आणि टिपरवाल्याला प्रत्येक चौकोनात एकच खेप टाकायला सांगा. ही एक गोष्ट केली तर ग्रेडरचं काम निम्म्यावर येतं. बऱ्याच साईटवर ती होत नाही, आणि मग कुठे ३५० चा थर, कुठे १२० चा. जाड थराचा वरचा भाग दाबला जातो, खालचा मोकळाच राहतो.

मग पाणी. प्रॉक्टर चाचणीत ज्या ओलाव्याला माती सगळ्यांत जास्त दाबली जाते, त्याच्या एक टक्का वर ते दोन टक्के खाली एवढ्याच पट्ट्यात रोलर चालवायचा. हे मशीनवर बसलेल्या माणसाला तुमच्याआधी कळतं. रोलर पुढे जाताना माती लाटेसारखी हलली की आमचा बिहारचा कॉम्पॅक्टर ऑपरेटर मशीन थांबवून ओरडायचा, “साहब, नीचे गीला है!” त्याचं एकदाही चुकलं नाही.

शेवटी घनता. सँड रिप्लेसमेंटची चाचणी (थरात खड्डा करून तो किती मोठा आहे हे वाळू भरून मोजायचं) लॅबचा मुलगा करतो, पण तुम्ही शेजारी बसा. खड्डा थराच्या पूर्ण खोलीचा हवा. वरवर उकरला तर चांगला दाबलेला वरचा भागच मोजला जातो आणि आकडा खोटा चांगला येतो. वाळू पडत असताना जवळ रोलर चालू ठेवायचा नाही. कंपनाने वाळू जास्त बसते, खड्डा आहे त्यापेक्षा मोठा मोजला जातो आणि चांगला थरही नापास होतो. खड्ड्यातून निघालेला प्रत्येक कण ट्रेमध्ये गेला पाहिजे. मग गणित: कमाल कोरडी घनता १.९२ असेल आणि साईटवर १.८७ आली तर ९७.४ टक्के, सबग्रेडला लागणाऱ्या ९७ च्या वर. १.८५ आली तर ९६.४. नापास. इथे कुणीतरी म्हणतं, “अर्ध्या टक्क्याने काय होतंय, लिही ९७.” तुमची पुढची सगळी नोकरी त्या क्षणी तुम्ही काय करता यावर उभी राहते. पाणी मारा, चार फेऱ्या अजून मारा, नवा खड्डा घ्या. तासाभराचं काम आहे.

डांबर आणि काँक्रीट

डांबरात तापमान हेच सगळं. व्हीजी ३० प्रतीच्या डांबराचा माल प्लांटमधून १५० ते १६५ अंशांवर निघाला पाहिजे, पेव्हरपाशी १४० च्या खाली नको, आणि ९० च्या खाली गेल्यावर रोलर फिरवून उपयोग नाही. व्हीजी ४० ला हे आकडे दहा अंशांच्या आसपास वर सरकतात. थर्मामीटर स्वतःच्या हातात ठेवा आणि प्रत्येक गाडीचं तापमान, नंबर, वेळ लिहा. थंड आलेली गाडी परत पाठवायची हिंमत पहिल्या वेळी होत नाही. सिनियरला फोन करा, पण त्या गाडीची ताडपत्री काढू देऊ नका.

डांबराच्या दिवसाची आखणी आदल्या रात्री होते. एक किलोमीटर लांबी, सात मीटर रुंदी आणि ५० मिलिमीटर जाडीचा डीबीएम (डांबराचा खालचा थर) म्हणजे ३५० घनमीटर, साधारण ८४० टन. गाडीत वीस टन बसत असतील तर ४२ खेपा. प्लांट तासाला किती देतो, गाडीला जायला-यायला किती वेळ लागतो, यावरून गाड्या ठरवा, म्हणजे पेव्हर थांबणार नाही. पेव्हर थांबला की तिथे उंचवटा येतो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग झालं आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. पेव्हर पाच दिवस सलग चालण्यामागे माल, गाड्या आणि पाळ्यांचा किती बारीक हिशेब असेल, हे प्लांटवर एक रात्र काढलेल्या माणसाला लगेच कळतं.

काँक्रीट रस्त्याचं शास्त्र वेगळं. २००२ मध्ये पूर्ण झालेला ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा, आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही काँक्रीटचा, तेव्हा आपल्याकडे या कामाला मागणी आहे. नव्या इंजिनिअरने दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं: डॉवेल बार (सांध्यात दोन स्लॅब जोडणाऱ्या सळया) सरळ आणि समांतर बसले आहेत का, आणि सांध्याची पहिली कापणी वेळेवर झाली का. लवकर कापलं तर कडा तुटतात, उशीर झाला तर स्लॅब स्वतःच्या मनाने तडकतो. उन्हाळ्यात वारा असेल तर ही वेळ फार लवकर येते, म्हणून कटर मशीन आणि एक जादा ब्लेड पेव्हरच्या मागेच ठेवा.

पूल आणि मोऱ्यांकडे ओढ असेल तर पहिल्या वर्षातच स्ट्रक्चर टीमकडे बदली मागा. ती वेगळी शाखा आहे, आणि तिकडे सळईचं ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसाला कायम मान मिळतो.

कागद

आरएफआय म्हणजे तपासणीसाठीचा अर्ज. थर तयार झाला की तो भरायचा, कन्सल्टंटचा माणूस येऊन तपासतो, सही करतो, मगच पुढचा थर. हे कागद साठवून महिनाअखेरीला एकदम भरायची पद्धत काही ठिकाणी पडते. तिच्यात अडकू नका. त्याच दिवशी भरा, त्याच दिवशी सही घ्या. बिल आरएफआयवर निघतं, आणि पाच वर्षांनी रस्ता खचला तर चौकशीतही हाच कागद उघडला जातो.

रोजचा प्रोग्रेस रिपोर्ट रात्री झोपण्याआधी पाठवा. त्याखेरीज स्वतःची एक वही ठेवा: तारीख, चेनेज, थर, मशीन, खेपा, पाऊस, कोण आलं, काय म्हणालं. तोंडी सूचना आली तर संध्याकाळी मेसेजवर नम्रपणे लिहून पाठवा, “सर, आपण सांगितल्याप्रमाणे आज अमुक केलं.” यात अविश्वास नाही. दोघांच्याही सोयीचं आहे.

एक्सेल चांगलं आलं पाहिजे, ऑटोकॅड कामापुरतं. महागडे कोर्स पहिल्या वर्षी नकोत.

माणसं

साईटवर सगळे तुम्हाला ‘साहेब’ म्हणतील. त्यातल्या निम्म्यांना तुमच्यापेक्षा रस्त्याचं जास्त कळतं. ग्रेडर ऑपरेटरला दोरी आणि खुंट्या देऊन बाजूला उभे राहा आणि तो ब्लेड कसा वळवतो ते बघा. प्रश्न विचारा. फोरमनना मामा म्हणत असतील तर तुम्हीही मामा म्हणा. पण लेव्हल आणि घनता यावर तडजोड करायची वेळ आली, की नातं तसंच ठेवून शांतपणे नाही म्हणा. आरडाओरडा करणाऱ्या इंजिनिअरचं काम तो पाठ वळवेपर्यंतच नीट चालतं.

मुलींना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. हायवे साईटवर मुली अजून कमी आहेत, पण येत आहेत, आणि लॅब, स्ट्रक्चर, क्वांटिटी, प्लॅनिंग सगळीकडे चांगलं काम करत आहेत. मुलाखतीतच विचारा: साईटवर शौचालय कुठे आहे, राहायची सोय स्वतंत्र आहे का, रात्रपाळीला परत यायला गाडी मिळते का. हे विचारायला संकोच करू नका. ज्या कंपनीला या प्रश्नांचा राग येतो तिथे जाऊ नये.

जीव आधी

चालू हायवेवर रुंदीकरण करताना सगळ्यांत मोठा धोका शेजारून ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाड्यांचा. एसपी ५५ मधली आकृती छापून गाडीत ठेवा आणि काम सुरू करण्याआधी फलक, शंकू, वळणाची पट्टी त्याप्रमाणे लावून घ्या. संध्याकाळी काम बंद करताना खड्ड्याभोवती ब्लिंकर लागले की नाही हे स्वतः बघूनच कॅम्पवर जा. मागे येणाऱ्या टिपरच्या मागे कधी उभे राहू नका, फोनवर बोलत तर अजिबात नाही. आणि टिपर ट्रॉली उचलणार असेल तिथे वर बघा, विजेची तार आहे का. या एका कारणाने ड्रायव्हर गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, बूट हे कंपनीने द्यायचं असतं. दिलं नसेल तर मागा, आणि तुमच्या गँगमधल्या मजुरांसाठीही मागा.

पगार आणि पुढचा रस्ता

सुरुवातीचा पगार शहरातल्या आयटीवाल्या मित्रापेक्षा कमी असेल. राहणं-जेवण कंपनीचं असतं, त्यामुळे हातात उरतं. पण ऑफर घेताना हे लेखी विचारा: हातात किती येणार, पीएफ कापला जातो का, मेसचे पैसे कापतात का, अपघात विमा आहे का, घरी जायला किती दिवसांनी किती सुट्टी. आणि शक्य असेल तर त्या कंपनीत काम करणाऱ्या कुणाला तरी विचारा, पगार वेळेवर होतो का. एका कंपनीत माझे चार महिने थकले होते. तो काळ कसा काढला ते घरच्यांना माहीत आहे.

दर सहा महिन्यांनी थोड्या पैशांसाठी कंपनी बदलणारी मुलं बरीच आहेत. निदान एक किलोमीटर मातीपासून डांबरापर्यंत एकाच जागी बघून मगच हला. मुलाखतीत अनुभवी माणूस दोन प्रश्नांत ओळखतो की तुम्ही पूर्ण रस्ता बघितलाय की तुकडे. दोन-तीन वर्षांनी एक दिशा निवडा: साईट एक्झिक्युशन, मटेरियल आणि क्वालिटी, क्वांटिटी आणि बिलिंग, प्लॅनिंग, किंवा डिझाइन. डिझाइनकडे ओढा असेल तर वाहतूक अभियांत्रिकीत एम.टेक. करायची हीच वेळ. नागपूरला व्हीएनआयटी आहे, मुंबईत आयआयटी. साईट बघून आलेला विद्यार्थी तिथे वेगळा उठून दिसतो.

रुजू होताना बॅगेत काय न्यावं, हे मुलं नेहमी विचारतात. पाच मीटरची टेप, कॅल्क्युलेटर, टॉर्च, दोन जोड जाड मोजे, टोपी, पाण्याची मोठी बाटली, ओआरएसची पाकिटं. आणि खिशात मावेल अशी जाड पुठ्ठ्याची वही. पहिल्या पानावर तुमच्या सेक्शनमधल्या सगळ्या टीबीएमची चेनेज आणि उंची लिहून ठेवा, आणि दर सोमवारी सकाळी त्या जागच्या जागी आहेत का ते तपासून तारीख टाका.